शिडीखालचं बोलणं

काटेबाईच्या काट्यावर उभं राहायची वेळ आली की भले भले लोक लबाडी करायचे. कुणी खिशातल्या किल्ल्या काढून ठेवायचं, कुणी श्वास रोखून पोट आत घ्यायचं. एका बाईने तर कानातले काढून नवऱ्याच्या हातात दिले होते. "अहो, नवरा येणारच आहे ना विमानात?" काटेबाई म्हणाली, "मग कानातले काय मागून चालत येणारेत? घाला ते, छान दिसतात." रांगेतले सगळे हसले, ती बाईही हसली, आणि तेवढ्यात काटेबाईने आकडा बघून घेतला.

विमान होतं छोटंसं, पुढे एकच पंखा असलेलं, धबधब्यावरून चक्कर मारून आणणारं. धबधबा दूरदूर गाजलेला. लोक कुठून कुठून यायचे, कठड्याला टेकून भिजायचे, फोटो काढायचे, आणि ज्यांची हौस तेवढ्याने भागायची नाही ते धावपट्टीकडे यायचे. धावपट्टीच्या टोकाला पत्र्याची एक लांबट खोली होती. तिथे हवेतच इतकं पाणी असायचं की सकाळी वाळत घातलेला टॉवेल संध्याकाळी जास्त ओला निघायचा. काडी पहिल्या फटक्यात पेटली तर माणसं एकमेकांना दाखवायची. त्या खोलीत दाराजवळ काटा, काट्यामागे खुर्ची आणि खुर्चीत काटेबाई. तिचं खरं नाव कुणी विचारलं नाही आणि तिनेही कधी कुणाला सांगितलं नाही.

तिचं काम असं, की प्रत्येकाचं वजन घ्यायचं आणि कुणी कुठे बसायचं ते ठरवायचं. एवढंसं विमान, एका अंगाला जड झालं तर वळणावर त्रास देतं. काट्याची तबकडी तिने आपल्याकडे वळवून ठेवली होती. आकडा ती कधीही तोंडाने बोलायची नाही. "मागे, डावी खिडकी," एवढंच म्हणायची. नवीन लग्न झालेलं जोडपं असलं तरी नवरा पुढे नि बायको मागे. जोडपी रुसायची, रागवायची. "अर्ध्या तासाचा तर विरह आहे," काटेबाई म्हणायची, "पुढे आयुष्यभर एकमेकांचं तोंड बघायचंच आहे. तेव्हा माझी आठवण काढाल." पण जागा बदलून द्यायची नाही म्हणजे नाही. "माझ्याशी खोटं बोलाल," असं तिचं ठरलेलं वाक्य होतं, "पण वर पाण्याशी नाही बोलता येणार."

सगळे बसले, पट्टे लागले, की ती दारात यायची आणि हातातली पाटी वर करायची. पाटीची एक बाजू लाल, एक हिरवी. हिरवी वर गेल्याशिवाय पंखा फिरायचा नाही. हा नियम मालकाने नाही, पायलटने घातला होता. पहिल्याच वर्षी त्याने मालकाला ठणकावून सांगितलं होतं, "ताईने हिरवी दाखवल्याशिवाय मी किल्ली फिरवणार नाही." कारण पायलट हा काटेबाईचा धाकटा भाऊ होता. लोक त्याला कॅप्टन म्हणायचे. ती मात्र बारक्या म्हणायची, आणि तो आता काट्यावर चढला तर काट्याचा जीव कासावीस होईल असा झाला होता, तरी बारक्याच म्हणायची.

या बारक्याचं विमान हे काटेबाईच्याच आयुष्याचं काम होतं, हे सांगायला हवं. बारक्या शिकत होता तेव्हा ती लाकडाच्या वखारीत काट्यावर बसायची. ट्रक यायचा, वजन व्हायचं, ट्रक जायचा. ऊन असो, धूळ असो, ती तिथे. लग्नाचं कुणी काढलं की म्हणायची, "आधी त्याला पंख फुटू देत." त्याला पंख फुटले, तोवर विचारणारेच थांबले होते. त्याचं तिला दुःख होतं का? होतं, कधीमधी. पण विमान आकाशात गेलं की ती दारात उभी राहून बघायची आणि विमानाच्या मिस्त्रीला म्हणायची, "बघा, कसं अलगद उचललं." मिस्त्री बिचारा रोज तेच बघायचा, आणि रोज म्हणायचा, "लोण्यासारखं, बाई."

स्वतः मात्र ती विमानात बसायची नाही. एकदाच बसली होती, अगदी सुरुवातीला, बारक्याच्या हट्टापायी, तेही डोळे गच्च मिटून. उंचीचं तिला वावडं होतं आणि त्याला कारणही तसंच होतं. त्यांचा बाप शिडीवरून पडून गेला होता.

बाप रंगारी होता. उंच उंच भिंती रंगवायचा, एका हातात डबा, एका हातात ब्रश. माणूस गोड, हात सफाईचा, पण त्याला एक खोड होती. बोलता बोलता तो थांबायचा. डोळे उघडे, चेहरा शांत, आणि उजव्या हाताचा अंगठा शेजारच्या बोटावर हळूहळू घासत राहायचा. क्षणभराने परत यायचा आणि वाक्य जिथे तुटलं होतं तिथूनच पुढे सुरू करायचा. मध्ये काही झालं होतं हे त्याला ठाऊकच नसायचं. घरात त्याला आजार कुणी म्हटलं नाही. पोरं म्हणायची, "बाबा बाहेर गेले." आणि तो परत आला की दोघं ओरडायची, "आले, आले!" बापही हसायचा. गरिबाच्या घरी अशा गोष्टीचं हसंच करून टाकतात, दुसरं करणार काय?

आईने मात्र त्यावर एक उपाय काढला होता. तिचं म्हणणं, माणसाशी कुणी बोलत असलं की तो बाहेर जात नाही. म्हणून बाप शिडीवर असला की खाली एक पोर उभं राहायचं आणि सतत बोलायचं. पाढे म्हणायचं, कोडी घालायचं, शेजाऱ्यांच्या कागाळ्या सांगायचं. घसा सुकला तरी थांबायचं नाही. वर्षानुवर्षं हे चाललं आणि बापाला काही झालं नाही. आईचा विश्वास पक्का होत गेला. मग एके दिवशी शाळेची भिंत रंगवताना बाप वरून आला. शिडीखाली ताई होती. ती पाणी प्यायला गेली आणि तेवढ्यात झालं. घरात तरी असंच सांगितलं जायचं, आणि ताईने त्याला कधी नाही म्हटलं नाही.

आता त्या सकाळचं ऐका. न्याहारीला सगळे टेबलाशी बसलेले. बारक्याची बायको चहा ओतत होती, बारक्या पावाला लोणी लावत होता आणि मालकाची नक्कल करत होता. "मालक म्हणतो कसा, कॅप्टन, जरा खाली—" आणि तो थांबला. सुरी पावावर टेकलेली. बायकोला वाटलं, नक्कल आठवतोय. काटेबाईची नजर त्याच्या हाताकडे गेली. अंगठा बोटावर घासत होता.

हातातला कप तिने खाली ठेवला तो बशीत न बसता कडेला आपटला. "—आणा की विमान, लोकांना तुषार लागू देत!" बारक्याने वाक्य पुरं केलं आणि स्वतःच हसला. बायको हसली. मग त्याचं लक्ष बहिणीच्या तोंडाकडे गेलं. "काय गं ताई?"

"आलास?" ती म्हणाली.

"कुठून?" तो म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याला कळलं. त्याने सुरी खाली ठेवली. बायको बघतेय म्हणून तो हसला आणि चहा संपवून उठला.

तिने त्याला धावपट्टीकडे जाताना गाठलं. "डॉक्टरकडे चल."

"झोप नाही झाली रात्री. तू पण ना ताई, राईचा पर्वत करतेस."

"अंगठा मी पाहिला, बारक्या."

तो चालायचा थांबला. मग हळू आवाजात म्हणाला, "डॉक्टरकडे गेलो की संपलं, ताई. एकदा त्यांनी लिहिलं की मला आयुष्यात कुणी विमानाला हात लावू देणार नाही. मला दुसरं काय येतं सांग? तू वखारीत धूळ खाल्लीस ती कशासाठी?" सगळ्या जगाला गप्प करणारी बाई, पण भावाने वर्मावर बोट ठेवलं की तिची बोलती बंद व्हायची. तेवढ्यात तोच म्हणाला, "एक कर. तू माझ्या शेजारी बस. पुढची जागा रिकामी ठेव आणि बोलत राहा. आई म्हणायची ना? बोलत राहिलं की माणूस बाहेर जात नाही."

आता ही बाई, जी चार बटाट्यांच्या वजनासाठी नवरा-बायकोची ताटातूट करायची, तिने इथे काय करायला हवं होतं? सरळ मालकाकडे जायला हवं होतं. तिलाही ते कळत होतं, तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळत होतं, कारण तिला एक गोष्ट ठाऊक होती जी दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हती. पण आपलेच दात, आपलेच ओठ. तिने त्याच्याकडे पाहिलं तर तिला शिडीखाली उभा राहून आकाशातली विमानं बघणारा तो नाकतोंड रंगाने माखलेला पोरगा दिसला. "बरं," ती म्हणाली. ते "बरं" तिला पुढे फार जड गेलं.

त्या दिवसापासून काटेबाई विमानात बसू लागली. मिस्त्रीने भुवया उंचावल्या. "बाई, तुम्ही? आणि वर?"

"पुढे वजन कमी पडतंय," ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा ती काट्याच्या नावावर खोटं बोलली होती, आणि मिस्त्रीने ते खरं मानलं याचीच तिला जास्त लाज वाटली. मान वळवून ती पाटी काढायला गेली. आता दारात उभं राहायला कोणी नव्हतं, म्हणून विमानाच्या पायरीवरून ती हिरवी वर करायची, मग आत चढायची आणि पाटी मांडीवर घेऊन बसायची.

कानावर ते मोठे, तोंडाशी माईक असलेले कर्णे चढवले की दोघांचं बोलणं सगळ्या प्रवाशांना ऐकू जायचं. बारक्या धबधब्याची माहिती सांगायचा आणि काटेबाई मध्ये मध्ये तोंड घालायची. "हे पाणी किती वर्षांपासून पडतंय माहितेय?" तो विचारायचा. "तुझं घरातलं नळाचं पाणी गळतंय तेवढ्या वर्षांपासून," ती म्हणायची. प्रवासी खो खो हसायचे. नदीवरून जाऊन धबधब्यावर एक गिरकी डावीकडे, एक उजवीकडे, म्हणजे दोन्ही खिडक्यांना सारखा देखावा. "आता डावीकडच्यांनी हेवा करा, उजवीकडच्यांचा नंबर!" बहीण-भावाची ही जुगलबंदी लोकांना इतकी आवडायला लागली की मालक खूश झाला. "बाई, तुम्ही आधीच का नाही बसलात?" तो म्हणाला. ती हसली.

वर गेलं की तिचा जीव मुठीत असायचा. पाण्याकडे ती बघायचीच नाही. बघायची फक्त त्याचा उजवा अंगठा. पण दिवस गेले आणि काही झालं नाही. माणसाचं मन मोठं चावट असतं. ज्याची भीती वाटते ते झालं नाही की त्याला वाटतं, आता होणारच नाही. काटेबाईलाही वाटू लागलं, कोण जाणे, आई खरंच बोलत असेल. कदाचित आपलंच काही चुकलं असेल तेव्हा. आवाज बारीक पडला असेल. ती मुद्दाम असं स्वतःला सांगायची आणि खाली उतरल्यावर संडासात जाऊन उलटी करायची.

मग तो दिवस आला. एक तरुण जोडपं, त्यातल्या बायकोचे वडील, आणि तिच्या कडेवर तान्ही पोर. म्हातारबुवा मोठे हौशी, टोपी घालून आलेले. "मला पाण्याच्या बाजूची जागा द्या," म्हणाले.

"दोन्ही बाजूंना पाणीच आहे, आजोबा. काळजी नको."

तरुण आई काट्यावर चढली. "बाळाचं वेगळं सांगा ना हो," ती म्हणाली, "घरी गेल्यावर मोजायचंच आहे."

"आकडा मी सांगत नसते," काटेबाई म्हणाली. पण नेहमीप्रमाणे आईचं एकटीचं वजन बघायला तिने बाळ घेतलं. बाळाने तिच्या गळ्यातली खोलीच्या किल्लीची दोरी धरली ती सोडेना. ऊबदार, दुधाचा वास, आणि अंगाच्या मानाने चांगलंच जड. काटेबाईने ते परत दिलं तेव्हा हाताला ते ओझं तसंच राहिलं. तिला एकदम वाटलं, आज नको. तोंडातून शब्द निघायच्या आत बारक्याने बाहेरून हाक मारली, "ताई, चल, ढग येतोय!" आणि ती गेली.

वर सगळं ठीक होतं. नदी खाली पसरलेली, झाडं, मग पुढे तो तुषारांचा धूर उडवणारा पांढरा कडा. काटेबाई बोलत होती, बारक्या बोलत होता. डावी गिरकी सुरू झाली. विमान एका पंखावर कललं आणि बारक्याच्या बाजूची खिडकी पाण्याने भरून गेली.

"आता खाली बघा," बारक्या म्हणाला, "पाण्याच्या मधोमध जो खडक दिसतो, त्याला म्हणतात—"

आणि काही नाही.

काटेबाई त्याच्या अंगठ्याकडे बघतच होती. तो घासायला लागला, शांतपणे, जणू नाणं पारखतोय. "बारक्या," ती म्हणाली. विमान कललेलंच होतं, आणि आणखी कलत होतं. नाक खाली जात होतं. तिच्या पुढ्यातला विमान वळवायचा दांडा कुणी न धरता आपोआप हलत होता. त्याला हात लावायचा नाही असं बारक्याने तिला बजावलं होतं, आणि लावला असता तरी तिला काय येत होतं? कर्ण्यात सगळे ऐकत होते. मागे ते बाळ होतं.

"त्याला म्हणतात नवरदेवाचा खडक!" काटेबाई ओरडली. कुठून सुचलं कोण जाणे. "बघा, कसा एकटाच उभा आहे, नवरी पळून गेली त्याची!" मागे हशा पिकला. तिने बारक्याच्या दंडाला चिमटा काढला, कातडी पिरगाळली. तो समोर बघत होता. चेहरा इतका निवांत, की तिला बाबाच दिसले. "आणि या नवरदेवाने काय केलं माहितेय?" तिचा आवाज फाटला. "बारक्या! अरे बारक्या, सात सक किती? सांग ना!" काचेवर पाणी आलं. पांढऱ्याशिवाय समोर काही उरलं नाही. गडगडाट कर्ण्यांच्या आतपर्यंत आला. मागच्यांना वाटलं हा खेळच आहे, मुद्दाम जवळ नेतायत. म्हातारबुवांनी टाळ्या वाजवल्या.

"—वाघाचा पंजा," बारक्या म्हणाला. मग त्याने समोर पाहिलं, "अरेच्चा" म्हणाला, आणि दोन्ही हातांनी दांडा ओढला. पोटं खाली राहिली आणि विमान वर आलं. बाळ रडू लागलं. "जरा जास्तच जवळ गेलो नाही का?" बारक्या प्रवाशांना म्हणाला. उजवी गिरकी त्याने नीट घेतली. काटेबाई बोलत राहिली. काय बोलली ते तिला नंतर आठवेना.

सगळे खाली उतरले. प्रवासी आनंदात होते. "डोळ्यांचं पारणं फिटलं!" तरुण आई म्हणाली. बाळ तिच्या खांद्यावर झोपलं होतं.

बारक्या विमानाच्या चाकाला टेकला होता. "बघ, आजही काही झालं नाही," तो म्हणाला. "तू उगाच घाबरत होतीस."

"बारक्या, तू बाहेर गेला होतास."

"काहीतरीच. वारा खेचून नेत होता, मी सावरलं."

ती काही म्हणणार तेवढ्यात म्हातारबुवा टोपी सावरत जवळ आले. "कॅप्टन, बाकी सगळं एकीकडे आणि तुमचा तो नवरदेवाचा खडक एकीकडे! नवरी पळाली म्हणे! घरी जाऊन सगळ्यांना सांगणार."

"कुठला खडक?" बारक्या म्हणाला.

"वा! आत्ता तर सांगितलंत तुमच्या बाईंनी. तुमच्या देखत." म्हातारबुवा हसत हसत गेले.

बारक्याने बहिणीकडे पाहिलं. तिने त्याच्या शर्टाची बाही वर केली. दंडावर तिच्या नखांचे वळ उठले होते, एका ठिकाणी रक्त आलं होतं. तो ते बघत राहिला. त्याचा चेहरा कसानुसा झाला, आणि मग, माणूस बुडायला लागला की हाताला लागेल त्याला धरतो तसं, तो एकदम तिच्यावर उसळला.

"म्हणजे तू बोलायची थांबली असशील! आधी गप्प बसली असशील, म्हणून झालं! त्या दिवशी पण पाणी प्यायला गेलीस. तेव्हा पण तूच होतीस खाली!"

इतक्या वर्षांत त्याने हे कधी तोंडाने म्हटलं नव्हतं. ते त्याच्या मनात आहे हे तिला माहीत होतं. आईच्याही मनात होतं, आई मरेपर्यंत. काटेबाईला रडू आलं नाही, रागही आला नाही. ती दमली होती.

"मी पाणी प्यायला गेले नव्हते," ती म्हणाली.

"काय?"

"मी तिथेच होते, बारक्या. शिडीला हात लावून उभी होते. बोलत होते. सातचा पाढा म्हणत होते. बाबा वरून चुका काढत होते माझ्या. सात सक मी चुकले, ते हसले, आणि म्हणाले, 'अगं, सात सक—' आणि थांबले. मी बोलत राहिले. जोरात बोलत राहिले, आईने सांगितलं होतं तसं. ते पडले तरी मी बोलतच होते. लोक आले, मला बाजूला केलं, तरी पाढा चालूच होता माझा."

बारक्याने वर केलेली बाही हळूच खाली ओढली.

"आईने विचारलं, तू कुठे होतीस? मी तिच्याकडे पाहिलं. त्या बोलण्याच्या भरवशावर ती रोज त्यांना वर चढवत होती. मी बोलत होते असं सांगितलं असतं तर ती तिथेच मेली असती. म्हणून म्हटलं, पाणी प्यायला गेले होते. म्हटलं, माझ्यावर असू दे. मी सोसेन."

खोलीच्या दारात पुढचे प्रवासी जमले होते. मालक खिडकीतून ओरडला, "बाई, वजनं घ्या! ढग निघून गेला, किती वेळ लावताय?" मिस्त्री फडक्याने हात पुसत उभा होता. त्याला काही कळलं नव्हतं, पण काहीतरी आहे हे कळलं होतं.

काटेबाई दारापर्यंत गेली. तिच्या हातात पाटी होती. ती तिने वर केली, लाल बाजूने, आणि तशीच धरून ठेवली. "आज उडणार नाही," ती मालकाला म्हणाली. "उद्याही नाही. का ते मी येऊन सांगते सगळं. माझंही सांगते, मी गप्प राहिले ते. आधी माझ्या भावाला जरा बसू द्या." मालक काहीतरी बडबडला. प्रवासी कुरकुरले, एकाने तर तिला चार शब्द सुनावले. ती पाटी खाली घेईना. विमानाजवळून बारक्या त्या लाल पाटीकडे बघत होता. नियम त्याचाच होता.

मग त्याने खिशातून विमानाची किल्ली काढली आणि मिस्त्रीच्या हातात दिली. मिस्त्रीने ती घेतली आणि दुसरीकडे बघायला लागला. बारक्या हळूहळू चालत आला. खोलीबाहेर प्रवाशांसाठी एक बाक होता, कायम ओलसर. त्यावर तो बसला. काटेबाईने पाटी दाराच्या खिळ्याला अडकवली, लाल बाजू बाहेर ठेवून, आणि त्याच्याजवळ जाऊन बसली. तो गुडघ्यांवर कोपरं टेकून रडत होता, लहानपणी रडायचा तसाच, आवाज न करता. तिने त्याचा उजवा हात आपल्या हातात घेतला आणि अंगठा मुठीत धरला.

पुढचे प्रवासी एकेक करून निघून गेले.

"ताई," तो शेवटी म्हणाला, "बोल ना काहीतरी."

"नाही," ती म्हणाली. "आता गप्प राहिलं तरी चालतं. तू जमिनीवर आहेस."